माइकचा चॅनल वेगळाच असतो

रेडिओ स्टुडिओतल्या कन्सोलवर बरेचसे चॅनल तयार आवाजाचे असतात. कॉम्प्युटरवरची गाणी, जाहिराती, आधी ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखती, दुसऱ्या केंद्रावरून येणारं बातमीपत्र. त्यांची लेव्हल कोणीतरी आधी बघितलेली असते, आणि काही बिघडलं तर फाइल पुन्हा करता येते. माइकच्या चॅनलवर मात्र समोर जिवंत माणूस बसलेलं असतं. ते हळू बोलेल, मध्येच मोठ्याने हसेल, खोकेल, बोलताबोलता टेबलावर हात आपटेल, आणि जे होईल ते त्याच क्षणी घरोघरी ऐकू जाईल. म्हणून या चॅनलची रचनाच इतरांपेक्षा वेगळी केलेली असते. माझी नोकरी अशा कन्सोलसमोर झाली, आधी ॲनालॉग आणि नंतर डिजिटल. नवी मुलंमुली कामाला लागली की मी त्यांना सगळ्यात आधी माइकचाच एक चॅनल वरपासून खालपर्यंत शिकवते. त्यातलं जे मला महत्त्वाचं वाटतं ते इथे लिहिते आहे.

१. पहिला खटाटोप गेनचा

डायनॅमिक माइकसमोर चार बोटांच्या अंतरावर नेहमीच्या आवाजात बोललं, तर माइकमधून जेमतेम एक मिलिव्होल्ट निघतो. कन्सोलच्या आत काम चालतं ते साधारण १.२३ व्होल्टच्या लेव्हलवर. म्हणजे या चिमुकल्या आवाजाला हजारपट, डेसिबलच्या भाषेत ६० डेसिबल, मोठं करावं लागतं. हे काम चॅनलच्या अगदी सुरुवातीला असलेला प्रीअँप करतो आणि त्याचं प्रमाण ठरवतं गेनचं बटण. गाण्यांच्या चॅनलला हा प्रीअँप लागतच नाही; तिथे आवाज आधीच त्या लेव्हलचा आलेला असतो.

गेन कमी ठेवला आणि फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी, वर ढकलून भरपाई केली, तर आवाजाबरोबर सरसरही वर येते. गेन जास्त ठेवला तर माणूस जोरात हसल्याबरोबर आवाज फाटतो, आणि प्रीअँपमध्ये फाटलेला आवाज पुढे फेडर खाली आणून सांधता येत नाही. तो फक्त हळू फाटलेला ऐकू येतो. माझी पद्धत अशी: फेडर आधी त्याच्या खुणेवर आणायचा. प्रसारणाच्या बऱ्याच कन्सोलवर ही खूण अगदी वर नसते. तिच्या वर सुमारे १० डेसिबलची जागा राखलेली असते. मग माणसाला बोलतं करायचं आणि मीटर बघत गेन लावायचा. कार्यक्रम सुरू झाला की गेनला हात लावायचा नाही, चढउतार सगळा फेडरने करायचा.

एक गोष्ट मात्र पैसे टाकूनही बदलत नाही. २०० ओहमचा साधा रोधक खोलीच्या तापमानाला नुसता पडून असला, तरी त्याच्यात उष्णतेमुळे सुमारे पाव मायक्रोव्होल्ट खळबळ चालू असते, आणि माइकच्या कॉइललाही तोच नियम लागू आहे. जगातला सर्वांत महागडा प्रीअँप या पातळीच्या खाली जाऊ शकत नाही. बोलणारा हातभर लांब बसला असेल तर कन्सोलवर काही करण्यापेक्षा माइक त्याच्याकडे सरकवा. अंतर निम्मं केलं की जवळपास ६ डेसिबल मिळतात. तेवढी सुधारणा प्रीअँप बदलून मिळवायला बराच खर्च होतो.

२. लेव्हल आकड्यांवर घेऊ नका

पाहुण्याला ‘वन टू थ्री’ म्हणायला लावायची पद्धत मला कधीच पटली नाही. माणूस आकडे म्हणताना शाळेत हजेरी दिल्यासारखा एका पट्टीत आणि मोठ्याने बोलतो. कार्यक्रम सुरू झाला की त्याचा आवाज दोन पायऱ्या खाली उतरतो, आणि तुम्ही लावलेला गेन खोटा ठरतो.

एकदा शेतीच्या कार्यक्रमाला एक आजी आल्या होत्या. बियाणं राखणाऱ्या. दोन्ही हातांत मनगटभर काचेच्या बांगड्या. माइकचा बाऊ झाल्यामुळे त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या आणि विचारलं की नुसती मान हलवत होत्या. चॅनल क्यूवर घेतला. क्यू म्हणजे फेडरच्या आधीचा आवाज फक्त आपल्याला ऐकवणारं बटण. बाहेर काही जात नाही. मग टॉकबॅकवरून, म्हणजे आपला आवाज फक्त स्टुडिओतल्या माणसाला ऐकवणाऱ्या बटणावरून, विचारलं, “आजी, यंदा वाल कसा झालाय?” आजी म्हणाल्या, “काय सांगू बाई, पावसानं पार झोपवला,” आणि तिथून जे बोलणं सुरू झालं ते थांबेना. दोन मिनिटांत मला तीन गोष्टी कळल्या. त्या वाक्य जोरात सुरू करतात आणि शेवटचे शब्द गिळतात. दाण्याचा आकार दाखवताना उजवा हात टेबलावर येतो आणि बांगड्या खणकतात. आणि हसल्या की त्या मागे रेलतात. बांगड्या काढायला सांगायचा प्रश्नच नव्हता. टेबलावर घडी करून जाड चादर टाकली, माइक उजवीकडून काढून थोडा डावीकडे, तोंडाच्या जरा बाजूला लावला, आणि शेवटचे शब्द ऐकू यावेत इतका गेन ठेवून वरची बाजू फेडरने सांभाळायचं ठरवलं. बाजूला लावल्यामुळे प-फ-भ म्हणताना होणारे फुत्कारही माइकवर सरळ आदळले नाहीत. हे सगळं क्यूमुळे जमलं.

३. तीन पिना आणि ४८ व्होल्ट

माइकच्या केबलला एक्सएलआर जोड असतो, त्यात तीन पिना. पहिली जाळीची, म्हणजे शील्डची. दुसरी आणि तिसरी आवाज नेतात, पण एकमेकींच्या उलट: एकीवर व्होल्टेज चढतं तेव्हा दुसरीवर तेवढंच उतरतं. वाटेत ट्यूबलाइट, यूपीएस, भिंतीतली वायरिंग यांची जी घरघर शिरते ती दोघींवर सारखीच चढते. कन्सोलचं इनपुट दोघींमधला फरक घेतं, त्यामुळे सारखं असलेलं वजा होतं आणि उलट असलेलं उरतं. एक मिलिव्होल्टचा आवाज पन्नास मीटर केबलमधून निर्मळ येतो तो या वजाबाकीमुळे.

दोघींपैकी एकीचं सोल्डर सुटलं तर आवाज पूर्ण बंद होतोच असं नाही. तो बारीक, पोकळ येतो आणि सोबत ५० हर्ट्झचा हम लागतो. असं ऐकू आलं की मी आधी केबल बदलते, मग माइक, आणि कन्सोलवर संशय सगळ्यात शेवटी घेते. दहातल्या नऊ वेळा केबलच असते.

याच दोन तारांवरून कंडेन्सर माइकला वीज दिली जाते, तिला फँटम पॉवर म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर ६.८ किलोओहमच्या एकेका रोधकातून सारखेच ४८ व्होल्ट चढवतात आणि परतीचा मार्ग शील्डचा. दोन्हीकडे दाब सारखा असल्यामुळे डायनॅमिक माइकच्या कॉइलला त्यातला फरक शून्य दिसतो आणि तिला काही होत नाही. ४८ हाच आकडा का, याची गोष्ट मला फार आवडते. न्यूमन कंपनीने १९६६ मध्ये नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी ट्रान्झिस्टरवर चालणारे केएम ८४ माइक तयार केले. तिथल्या लांब, अंधाऱ्या हिवाळ्यामुळे स्टुडिओंत ४८ व्होल्टवर चालणाऱ्या जादा दिव्यांची सोय होती, असं न्यूमनच सांगते. तीच वीज माइकला वापरली आणि पुढे तो जगाचा प्रघात झाला. नॉर्वेतल्या दिव्यांमुळे ठरलेला दाब आज आपल्या तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओतही माइक चालवतो.

वापरताना पाळायचं एवढंच. फँटम चालू-बंद करताना आणि माइक जोडताना-काढताना चॅनल बंद ठेवा, नाहीतर तोफेसारखा धडाका स्पीकरमधून आणि हेडफोनमधून निघतो. चालू केल्यावर काही सेकंद थांबा. जुने रिबन माइक असतील तर त्या चॅनलचं फँटम बंद असल्याची खातरी करा, कारण सदोष केबलमुळे दाब दोन्हीकडे सारखा राहिला नाही तर आतली पातळ पट्टी ताणली जाऊ शकते. आणि डायनॅमिक काढून कंडेन्सर लावत असाल तर आधी गेन उतरवा. कंडेन्सर साधारण दहापट जास्त व्होल्टेज देतो.

४. माइक उघडला की खोली बदलते

माझ्या मते प्रसारणाच्या कन्सोलचं खरं मर्म इथे आहे, आणि आवाजाच्या गुणवत्तेबद्दल तासन् तास बोलणारे लोकही याकडे सहसा बघत नाहीत.

गाण्याच्या चॅनलचं ‘ऑन’ बटण दाबलं की गाणं प्रसारणात जातं, बस्स. माइकच्या चॅनलचं ‘ऑन’ दाबलं की एकदम चार गोष्टी घडतात. माइक प्रसारणाला जोडला जातो. त्या खोलीतले स्पीकर बंद पडतात, कारण ते चालू राहिले तर त्यांचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये असं चक्र सुरू होऊन शिट्टी लागेल. दाराबाहेरचा लाल दिवा पेटतो. आणि टॉकबॅक त्या खोलीच्या स्पीकरवर न जाता फक्त हेडफोनमध्ये जातो. या चारही गोष्टी माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडलेल्या नाहीत, चॅनलमध्येच बांधलेल्या आहेत.

यातून काही सवयी आपोआप ठरतात. माइक उघडण्याआधी हेडफोन कानावर असलाच पाहिजे, कारण स्पीकर त्याच क्षणी मुके होणार आहेत. नवीन मुलांना पहिल्यांदा हे घडतं तेव्हा वाटतं की प्रसारणच बंद पडलं, आणि हात भलत्याच बटणांकडे धावतात. म्हणून मी त्यांना पहिल्या दिवशी रिकाम्या स्टुडिओत बसवून नुसता माइक उघडायला-मिटायला लावते, स्पीकर जातोय आणि येतोय याची कानाला सवय होईपर्यंत.

प्रत्येक माइक कोणत्या खोलीचा, हे कन्सोलला सांगितलेलं असतं. पाहुण्यांच्या स्टुडिओतला माइक उघडला तर फक्त तिथले स्पीकर बंद व्हायला हवेत. माझ्या खोलीतले चालू राहायला हवेत. निवेदक स्वतःच कन्सोल चालवत असेल तर त्याच्या माइकने त्याच्याच खोलीतले स्पीकर बंद झाले पाहिजेत. घाईत एखादा माइक पॅचिंग करून दुसऱ्या खोलीत नेला आणि ही नोंद बदलली नाही, तर दिवा एका दाराशी पेटतो आणि माणूस दुसऱ्याच खोलीत बोलत असतो. माइक हलवला की त्याची खोलीही बदलायची, ही दोन कामं मी वेगळी मानतच नाही.

माइक बटणाने उघडायचा की फेडरने, यावर दोन घराणी आहेत. काही ठिकाणी फेडर तळातून उचलला की चॅनल चालू होतो. बीबीसीच्या जुन्या स्टुडिओंत तर फेडर आपल्या सवयीच्या उलट होते, स्वतःकडे ओढला की उघडणारे. चुकून हात लागून पुढे गेला तर तो बंदच होई. माझा कौल बटणाला आहे. फेडर खुणेवर ठेवायचा आणि उघडझाप बटणाने करायची, म्हणजे प्रत्येक वेळी तीच लेव्हल मिळते. पण तुमच्या केंद्रावर जी रीत असेल ती सगळ्यांची एकच असू द्या. सकाळच्या पाळीने फेडर तळाला नेऊन ‘ऑन’ तसंच ठेवलं आणि दुपारच्या पाळीला बटणाची सवय असली, की स्पीकर का वाजत नाहीत हे शोधण्यात वेळ जातो.

पाहुण्यासमोर खोकल्याचं बटण असतं. दाबून धरलं की तेवढा वेळ त्याचा माइक मुका. ते मी प्रत्येकाला हातात देऊन दाखवते. ठसका येईल या भीतीने माणूस आवळून बोलतो. बटण आहे हे कळलं की मोकळा होतो.

५. उघडे माइक मोजा

उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की खोलीतला पसरट आवाज, पंखा, एसी, भिंतींवरून परतणारा घुमारा, साधारण ३ डेसिबलने वाढतो. चौघांची चर्चा असेल आणि चारही माइक सताड उघडे असतील तर एकाच्या तुलनेत ६ डेसिबल. ऐकणाऱ्याला वाटतं मंडळी हॉलमध्ये बसली आहेत.

त्याहून वाईट म्हणजे एकाच माणसाचा आवाज दोन माइकांत शिरणं. शेजारच्या माइकपर्यंतचं अंतर १७ सेंटिमीटर जास्त असेल तर आवाज तिथे अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही मिसळले की १००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, पुढे ३०००, ५००० वरही. बोलणारा डबक्यात बसल्यासारखा वाटतो. म्हणून दोन माइकांमधलं अंतर तोंड ते माइक या अंतराच्या निदान तिप्पट ठेवतात. तोंड १५ सेंटिमीटरवर असेल तर शेजारचा माइक ४५ सेंटिमीटरच्या अलीकडे नको.

जो बोलत नाही त्याचा माइक मी पूर्ण बंद करत नाही. कविसंमेलनात पुढच्या कवीची ‘वा!’ त्यातूनच येते. आठ-दहा डेसिबल खाली आणून ठेवते.

६. फोनवरच्या श्रोत्याला त्याचाच आवाज परत देऊ नका

श्रोता फोनवर आला की त्याला स्टुडिओतलं सगळं ऐकू जायला हवं, फक्त त्याचा स्वतःचा आवाज सोडून. याला मिक्स-मायनस म्हणतात. स्वतःचेच शब्द जरा उशिराने कानात परत आले की माणूस अडखळतो, थांबतो, “हॅलो, ऐकू येतंय ना?” करत बसतो. आपल्याला वाटतं श्रोता घाबरलाय. त्याला बिचाऱ्याला बोलता येईल असं आपण काही ठेवलेलंच नसतं.

आता माइकच्या चॅनलचा संबंध. निवेदकाचा माइक या मिश्रणात जातो, पण पाहुण्या डॉक्टरांचा माइक जातोय का, हे कार्यक्रमाआधी तपासलं पाहिजे. तो जात नसेल तर श्रोता प्रश्न विचारतो, डॉक्टर सविस्तर उत्तर देतात, बाहेर सगळ्या जिल्ह्याला ते ऐकू येतं आणि ज्याने विचारलं त्याच्या कानात शांतता असते. माइकचा प्रत्येक चॅनल फोनच्या मिश्रणाला नेमून ठेवा, मग त्या दिवशी तो माइक वापरात असो वा नसो.

७. ढोल-ताशापुढे पॅड

स्टुडिओबाहेरच्या प्रसारणात चॅनलवरची ती बटणं कामाला येतात ज्यांना एरवी कोणी हात लावत नाही. पुण्यात लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीत पथक जवळून जात असतं तेव्हा आवाजाचा दाब १२० डेसिबलपर्यंत चढला असं धरा. पास्कलला २० मिलिव्होल्ट देणारा कंडेन्सर माइक त्या वेळी ४०० मिलिव्होल्ट देईल. स्टुडिओत ज्या इनपुटला एक मिलिव्होल्टची सवय, त्याच्यावर हे येऊन आदळतं, आणि गेन पूर्ण उतरवूनही काही प्रीअँपना ते झेपत नाही. पॅड प्रीअँपच्या आधी बसतो आणि २० डेसिबल कापतो. ४०० चे ४० मिलिव्होल्ट होतात. मात्र माइकच्या पोटातलंच सर्किट फाटत असेल तर कन्सोलचा पॅड निरुपयोगी, माइकवरचा पॅड लावावा लागतो. निवेदकाच्या हातात मी अशा ठिकाणी डायनॅमिकच देते.

ताशाच्या काडीचा ठोका क्षणार्धात येतो आणि जातो. व्हीयू मीटर १९३९ मध्ये प्रमाणित झाला तो बोलण्या-गाण्याची सरासरी दाखवायला. त्याचा काटा पूर्ण चढायला सुमारे ३०० मिलिसेकंद घेतो. तोवर ठोका संपलेला असतो. काटा निवांत दिसतोय म्हणून गेन वाढवू नका.

हाय-पास फिल्टर निवेदकाच्या माइकवर ८० हर्ट्झला लावा, वारा आणि माइक हाताळण्याची गडगड जाते. ढोलाच्या माइकवर तो काढा, नाहीतर ढोलाचा बुंधाच छाटला जाईल.

८. डिजिटलमध्येही पहिला टप्पा ॲनालॉगच

नव्या कन्सोलवर गेनचं बटण फिरवलं की पडद्यावर आकडा बदलतो, म्हणून तरुण मंडळींना वाटतं सगळं आकड्यांतच चाललंय. प्रीअँप आजही ॲनालॉग आहे, दूरच्या रॅकमध्ये बसलेला, आणि त्याच्यानंतर आवाजाचे आकडे होतात. डिजिटल मोजपट्टीचा शून्य ही शेवटची रेघ. ॲनालॉगमध्ये आवाज शेवटाकडे जाताना थोडं सांभाळून घेतलं जायचं, इथे रेघेपलीकडे काहीच नाही. बोलण्याची सरासरी उणे २० च्या आसपास ठेवली की हसण्याला आणि ठसक्याला जागा राहते. २४ बिटमध्ये तेवढं खाली राहून आवाजाचं काही बिघडत नाही.

नेटवर्कवर चालणाऱ्या कन्सोलवर एकच माइक दोन स्टुडिओंना घेता येतो. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं अशी एकमेकांशी जोडता यावीत म्हणून २०१३ मध्ये एईएस६७ हे मानक आलं. सोय मोठी आहे, पण प्रीअँप एकच असल्याने गेनही एकच. एका स्टुडिओने तो बदलला तर दुसरीकडच्या चालू कार्यक्रमात लेव्हल उडी मारते. गेनचा ताबा कोणा एकाकडे ठेवा आणि बाकीच्यांनी फेडर वापरावा.

९. पट्टीवर खुर्ची लिहा

‘माइक १, माइक २’ असं लिहिलेलं मला चालत नाही. कन्सोलवरून काचेपलीकडे बघितल्यावर माणसं ज्या क्रमाने बसलेली दिसतात, त्याच क्रमाने फेडर हवेत, आणि प्रत्येकाखाली खुर्चीचं नाव: खिडकी, दार, मधली. पाहुण्यांची नावं पेन्सिलीने.

१०. कन्सोल घेताना

२००६ नंतर स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची वाट मोकळी झाली, आणि तेव्हापासून लहान केंद्रांतले लोक मला विचारतात, “ताई, ऑर्केस्ट्रावाल्यांचा मिक्सर स्वस्तात मिळतोय, तो घेतला तर चालेल ना?” त्याचे प्रीअँप चांगले असतात, फँटम असतं, इक्वलायझर तर प्रसारणाच्या कन्सोलपेक्षा जास्तच असतो. पण माइक उघडल्यावर स्पीकर बंद करण्याची सोय त्यात सहसा नसते, लाल दिव्याची जोडणी नसते, खोकल्याचं बटण नसतं, फोनचं मिश्रण ऑक्झिलरीची बटणं फिरवून दर वेळी हाताने बांधावं लागतं. गावातली मुलं, शेतकरी, बचत गटातल्या बाया जिथे स्वतः कार्यक्रम चालवणार आहेत तिथे या सोयी सगळ्यात जास्त लागतात, कारण त्यांचं लक्ष समोरच्या माणसाकडे असायला हवं. आठ चॅनलच्या मिक्सरऐवजी दोनच माइकचा, पण प्रसारणासाठी केलेला कन्सोल घ्या, असं मी प्रत्येक वेळी सांगते.

विक्रेत्याकडे जाल तेव्हा सोबत एक माइक, एक स्पीकर आणि एक हेडफोन न्या. स्पीकरवर गाणं लावा आणि माइकचं बटण दाबा. स्पीकर त्याच क्षणी थांबला पाहिजे, हेडफोनमध्ये गाणं चालू राहिलं पाहिजे, आणि बटण सोडल्यावर स्पीकर पुन्हा वाजला पाहिजे. मग मोबाइलवरून त्या कन्सोलवर फोन लावायला सांगा, बाहेर जाऊन बोला, आणि तुमचा आवाज तुम्हाला परत येतोय का ते ऐका. हे दोन्ही दुकानातच करून बघा, पावती फाडण्याआधी.